मीटरला शेत दिसतं, मत दिसत नाही

23 फेब्रुवारी 2021, मंगळवार. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी त्या दिवशी सकाळपासून मराठी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावरून हललं नाही. एरवी या गावाची आठवण वाहिन्यांना रामनवमीच्या यात्रेपुरती होते. त्या दिवशी कारण वेगळं होतं. पुण्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर झालेल्या आरोपांमुळे तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड पंधरा दिवस माध्यमांसमोर आले नव्हते आणि ते बंजारा समाजाच्या या तीर्थक्षेत्री येणार होते. ताफा कुठवर आला, गर्दी किती जमली, करोनाचे नियम कुठे गेले, हे मिनिटामिनिटाला सांगितलं जात होतं. राठोडांनी आरोप फेटाळले, 28 फेब्रुवारीला राजीनामा दिला, आणि 2022 मध्ये नव्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. हा सगळा इतिहास वाशिमकरांना पाठ आहे.

त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी करोनाबाधित आढळले. ती बातमीही देशभर गेली. पण बाधितांचा आकडा एकदा सांगून संपतो. पोहरादेवीच्या रस्त्यावर मात्र पुढच्या मिनिटाला काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कॅमेऱ्याला तेच हवं असतं.

असं काही दिसलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘टीआरपीसाठी चाललंय सगळं.’ पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच ऐकू येतं. त्या मंगळवारी मात्र ते शब्दशः खरं नव्हतं. देशातल्या एकाही वृत्तवाहिनीचा स्वतंत्र टीआरपी तेव्हा जाहीर होत नव्हता. ऑक्टोबर 2020 च्या मध्यापासून 17 मार्च 2022 पर्यंत, म्हणजे सतरा महिने, ती आकडेवारी बंद होती. बक्षीस बंद असतानाही शर्यत त्याच वेगाने चालू राहिली. टीव्हीवरच्या बातम्या, त्यांचे आकडे आणि पाहणाऱ्यांचा राजकीय कल यांचं नातं समजून घ्यायचं तर ‘टीआरपीसाठी’ या एका शब्दावर भागत नाही.

आधी आकडा तयार कसा होतो ते पाहू. भारतात हे काम बार्क ही संस्था करते. तिची साप्ताहिक आकडेवारी 2015 च्या एप्रिलपासून येऊ लागली; त्याआधी ते टॅम नावाच्या कंपनीकडे होतं. बार्कची मालकी तिघांची आहे: वाहिन्यांच्या संघटनेचा वाटा 60 टक्के, जाहिरातदारांच्या आणि जाहिरात संस्थांच्या संघटनांचा प्रत्येकी 20 टक्के. म्हणजे ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांचाच परीक्षा मंडळात मोठा हिस्सा. यात गैर काही नाही असं म्हणणारे आहेत, कारण खर्च शेवटी त्यांनीच करायचा असतो. तरी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

निवडलेल्या घरात टीव्हीजवळ एक मीटर बसवतात. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे याची नोंद करतं. पाहतंय कोण, हे मात्र मीटरला आपोआप कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण नेमून दिलेलं असतं. आजोबा बसले की त्यांनी आपलं दाबायचं, सून स्वयंपाकघरात गेली की तिने आपलं बंद करायचं. ही शिस्त किती घरांत किती काटेकोर पाळली जात असेल याचा अंदाज वाचकांनी आपापल्या घराकडे पाहून करावा. ज्या वाहिनीच्या आवाजात खूण नाही, ती मीटरच्या लेखी अस्तित्वातच नसते. वाशिम, कारंजा, रिसोड अशा गावांत केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवर लागणाऱ्या स्थानिक बातम्या गावाने कितीही पाहिल्या तरी मुंबईत त्यांचा आकडा उमटत नाही.

आता हिशेब. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी आणि मीटर सुमारे 58 हजार. म्हणजे एक मीटर जवळपास चार हजार घरांच्या वतीने बोलतं. वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाख 97 हजार होती, देशाची 121 कोटी. हजारातला एक हिस्सा. मीटर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले असं धरलं तर सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या वाट्याला अठ्ठावन्नच्या आसपास घरं येतील, तालुक्याला नऊ-दहा. प्रत्यक्षात वाटप जिल्हावार होत नाही आणि मीटर कुठे आहेत हे गुप्त ठेवलं जातं, त्यामुळे हा नुसता अंदाजपंचे हिशेब आहे. तरी त्यातून एक गोष्ट कळते. टीव्हीवरच्या एकूण पाहण्यात बातम्यांचा वाटा साधारण एक दशांश किंवा त्याहून कमी असतो. रात्री नऊ वाजता त्या अठ्ठावन्न घरांपैकी पाच-सहा घरांत बातम्या लागल्या असतील, आणि त्याही हिंदी-मराठी मिळून डझनभर वाहिन्यांत वाटलेल्या. एखाद्या मराठी वाहिनीच्या दृष्टीने अख्ख्या वाशिम जिल्ह्याची पसंती म्हणजे शून्य किंवा एक. म्हणून वाशिमचा वेगळा आकडा कुणी काढत नाही. तो ‘महाराष्ट्र-गोवा’ या मोठ्या गाठोड्यात जातो.

नमुना छोटा असणं हा गुन्हा नाही. भात शिजला का हे शितावरूनच पाहतात. अडचण तेव्हा येते जेव्हा त्या शितावरून आपण दोन पातेल्यांत कुठला भात अर्ध्या टक्क्याने जास्त शिजलाय हे ठरवू लागतो. समजा, राज्यातल्या पाच हजार मीटर-घरांपैकी एका वेळी पंचवीस घरांत ‘अ’ वाहिनी लागली होती आणि तीस घरांत ‘ब’. संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने पंचवीसचा खरा आकडा पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात पुढे कोण हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. पण दर गुरुवारी आकडे आले की ‘आम्हीच नंबर वन’ची पाटी पडद्यावर झळकायची. कधी एकाच आठवड्यात दोघांच्याही पडद्यावर, कारण एकाने शहरी पुरुष मोजलेले असत आणि दुसऱ्याने पंधरा वर्षांवरचे सगळे.

2022 मध्ये वृत्तवाहिन्यांचं रेटिंग परत सुरू झालं तेव्हा एका आठवड्याऐवजी सरकत्या चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत आली, ती याच कारणाने. चार आठवडे एकत्र केले की वरखाली होणारा आकडा बराच शांत होतो. एका रात्रीच्या गदारोळाचं बक्षीस लगेच पुढच्या गुरुवारी मिळणं त्यामुळे कठीण झालं.

छोट्या नमुन्यात आणखी एक धोका असतो. पंचवीसच्या जागी तीस करायला पाच घरं पुरतात. 8 ऑक्टोबर 2020 ला, म्हणजे वृत्तवाहिन्यांची आकडेवारी बंद होण्याच्या आठवडाभर आधी, मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी पत्रकार परिषद घेऊन नेमका हाच आरोप केला. मुंबईत दोनेक हजार मीटर आहेत, त्यांतल्या काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जात होतं, इंग्रजी न येणाऱ्या घरांतही इंग्रजी वाहिनी चालू असायची, असं पोलिसांचं म्हणणं होतं. तक्रार आली होती ती बार्कसाठी घरांची देखरेख करणाऱ्या हंसा रिसर्च या कंपनीकडून. रिपब्लिक टीव्ही आणि दोन छोट्या वाहिन्यांची नावं घेतली गेली. रिपब्लिकने आरोप साफ नाकारले आणि हा सूड आहे असं म्हटलं. डिसेंबरमध्ये बार्कच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही अटक झाली. पुढे सक्तवसुली संचालनालयाने 2022 च्या आरोपपत्रात रिपब्लिकविरुद्ध पुरावा नसल्याचं सांगितलं, आणि राज्य सरकारने खटला मागे घेण्यासाठी केलेला अर्ज मुंबईच्या न्यायालयाने मार्च 2024 मध्ये मान्य केला. त्यामुळे कोण दोषी याचा न्यायालयीन निकाल लागलाच नाही. या काळात महाराष्ट्रातलं सरकार बदललं होतं. खटला उभा राहिला तेव्हा निम्म्या प्रेक्षकांना तो सूड वाटला, मागे घेतला गेला तेव्हा उरलेल्या निम्म्यांना ती मेहेरबानी वाटली.

चोरी सापडली की सगळं लक्ष चोराकडे जातं. माझ्या मते मोठी गडबड प्रामाणिक मोजणीतच आहे, आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. रेटिंग हे माणसं मोजत नाही, मिनिटं मोजतं. एखाद्या मिनिटाला सरासरी किती जण पाहत होते, हा त्याचा पाया. आता शंभर माणसांचं एक गाव घ्या. नव्वद माणसं संध्याकाळी पाच मिनिटं ठळक बातम्या पाहून उठतात. झाली 450 मिनिटं. उरलेली दहा माणसं दोन-दोन तास चर्चेच्या कार्यक्रमापुढे बसतात. झाली 1200 मिनिटं. म्हणजे गावाच्या एकूण पाहण्यातला जवळपास तीन चतुर्थांश वाटा दहा माणसांचा. वाहिनी चालवणारा कुणासाठी कार्यक्रम बनवेल? आणि रोज दोन तास राजकीय भांडण पाहणारा माणूस कसा असतो? त्याचं मत ठरलेलं असतं, त्याला आपली बाजू जिंकताना बघायची असते, किंवा दुसऱ्या बाजूचा राग राग करायला तरी बसायचं असतं. ज्याला सोयाबीनचा भाव आणि उद्याचा पाऊस कळला की पुरे, तो पाच मिनिटांत उठतो आणि आकड्यातून जवळपास पुसला जातो. कुणी लबाडी न करताही मोजपट्टी कट्टर माणसाकडे झुकते, ती अशी.

गंमत म्हणजे, तो माणूस कट्टर आहे हे मीटरला माहीतच नसतं. प्रत्येक मीटर-घराची एक प्रतवारी होते. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती आणि अकरा वस्तूंपैकी किती घरात आहेत, यावरून ए-1 पासून ई-3 पर्यंत बारा पायऱ्या. वीजजोड, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी. आणि अकरावी गोष्ट, शेतजमीन. मंगरूळपीरच्या दोन एकर कोरडवाहूला आणि ठाण्याच्या एसीला या यादीत एकसारखीच एक खूण मिळते, ही जाता जाता नोंदवण्यासारखी बाब. पण मत कुणाला देता, हा प्रश्न त्या यादीत नाही. म्हणून ‘अमुक वाहिनीचे प्रेक्षक तमुक पक्षाचे’ असं कुणी टीआरपीचा हवाला देऊन सांगितलं, तर ते त्याच्या मनातलं आहे, आकड्यांतलं नाही. वाहिन्या तो अंदाज आडमार्गाने बांधतात. मिनिटामिनिटाचा आलेख समोर ठेवतात: हा प्रवक्ता बोलायला लागला तेव्हा रेघ चढली, हा शेतीतज्ज्ञ आला तेव्हा पडली. दोन-चार महिने असं पाहिलं की कुणाला बोलवायचं आणि कुणाला टाळायचं हे ठरतं. रेघ चढली ती पटलं म्हणून की चीड आली म्हणून, हे रेघ सांगत नाही.

वाहिनीचा कल येतो कुठून, मालकाकडून की प्रेक्षकाकडून, हा वाद जुना आहे. यावरची सर्वात नेटकी संशोधनं अमेरिकेतली आहेत, म्हणून थोडं तिकडे जाऊ. मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये तिथल्या वृत्तपत्रांची भाषा तपासली. तिथल्या संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले, रिपब्लिकन सदस्य कोणते शब्दप्रयोग जास्त करतात, डेमोक्रॅट कोणते, आणि कोणतं वृत्तपत्र कुणासारखं बोलतं, हे मोजलं. निघालं असं की वृत्तपत्राचा कल मालकापेक्षा त्याच्या वाचकांच्या कलाशी जास्त जुळतो. दुकानदार गिऱ्हाईक पाहून माल ठेवतो, इतकंच.

टीव्हीचं चित्र मात्र इतकं सरळ निघालं नाही. फॉक्स न्यूज ही वाहिनी ऑक्टोबर 1996 मध्ये सुरू झाली आणि 2000 पर्यंत साधारण पाचांतल्या एका गावाच्या केबलवर पोहोचली. स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन यांनी ती आलेल्या आणि न आलेल्या गावांचं मतदान ताडून पाहिलं. जिथे फॉक्स आली तिथे 2000 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाची मतं 0.4 ते 0.7 टक्क्यांनी जास्त वाढली होती. आकडा किरकोळ वाटतो, पण ती निवडणूक फ्लोरिडातल्या काही शे मतांवर ठरली होती.

त्याहून मजेशीर काम ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांचं, 2017 चं. वाहिनी केबलवर कितव्या क्रमांकावर लागते हे गावोगाव वेगळं असतं आणि त्याचा राजकारणाशी काही संबंध नसतो. खालच्या क्रमांकावरची वाहिनी रिमोट फिरवताना आधी येते, म्हणून जास्त पाहिली जाते. या योगायोगाचा उपयोग करून त्यांनी हिशेब मांडला: फॉक्स आठवड्याला फक्त अडीच मिनिटं जास्त पाहिली गेली तरी त्या प्रेक्षकांमध्ये रिपब्लिकन मतं 0.3 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे माणसं आपल्या मताची वाहिनी निवडतात, हे खरं. आणि समोर आलेल्या वाहिनीने मत थोडं सरकतं, हेही खरं. त्यांचा आणखी एक निष्कर्ष असा की ज्या मालकाला मतांवर जास्तीत जास्त प्रभाव पाडायचाय, त्याला थोडा प्रेक्षकवर्ग गमवायची तयारी ठेवावी लागते. टीआरपी आणि प्रचार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत.

हे वाचताना आपल्याकडच्या ‘लँडिंग पेज’ची आठवण होणं साहजिक आहे. सेट-टॉप बॉक्स, ज्याला घरोघरी नुसतं ‘डबा’ म्हणतात, तो सुरू केला की आपोआप जी वाहिनी समोर येते ती जागा म्हणजे लँडिंग पेज. केबल कंपनीला पैसे देऊन वाहिन्या ती जागा घेतात. तुम्ही रिमोट शोधत असता, तेवढ्यात मीटर तुम्हाला त्या वाहिनीचा प्रेक्षक म्हणून मोजून मोकळं होतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2018 मध्ये रेटिंग होणाऱ्या वाहिन्यांना ही जागा द्यायला मनाई केली, 2019 मध्ये दूरसंचार लवादाने तो आदेश रद्द केला. असे फुगलेले आकडे गाळण्यासाठी बार्क आपल्या गणिताची चाळणी लावतं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी योगायोग म्हणून वापरलेली गोष्ट इथे बाजारात विकत मिळते.

पैशाची वाटही दोन्हीकडे उलटी आहे. तिकडे केबल कंपन्या प्रत्येक ग्राहकामागे वाहिनीला शुल्क देतात, त्यामुळे फॉक्स किंवा सीएनएनच्या हातात जाहिरातीशिवायही बरीच रक्कम येते. आपल्याकडे बहुतेक वृत्तवाहिन्या फुकट किंवा नाममात्र दरात दिल्या जातात, आणि केबलवर जागा मिळावी म्हणून वाहिनीच पैसे मोजते. उत्पन्न जवळपास सगळं जाहिरातींचं, दहा सेकंदांच्या भावाने. सरकारी जाहिरातींचे दर ठरवतानाही रेटिंग पाहिलं जातं. अशा धंद्यात स्टुडिओत सहा जणांना खिडक्यांत बसवून भांडायला लावणं सगळ्यात स्वस्त. ओबी व्हॅन मालेगावला पाठवायची तर (आमचं वाशिमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे) डिझेल, माणसं, मुक्काम, आणि परत रेटिंगमध्ये शून्य किंवा एक.

आता प्रेक्षकाकडे वळू, कारण पक्षपात फक्त पडद्यावर नसतो. सप्टेंबर 1982 मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत निर्वासितांचं हत्याकांड झालं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी त्याबद्दलच्या अमेरिकन टीव्हीच्या बातम्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या सगळ्यांना त्याच. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना इस्रायलधार्जिण्या. हा प्रयोग 1985 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वेगवेगळ्या देशांत असेच निष्कर्ष निघत राहिले. गंमत अशी की विषयाची जास्त माहिती असलेल्यांना पक्षपात जास्त दिसला. ज्याला चार गोष्टी ठाऊक असतात, त्याला बातमीत न आलेल्या तीन लगेच आठवतात, आणि त्या नेमक्या आपल्या बाजूच्या असतात.

यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात 2024 ची लढत दोन शिवसेनांमध्ये झाली. ठाकरे गटाचे संजय देशमुख जिंकले, शिंदे गटाच्या राजश्री पाटील हरल्या, आणि पाच वेळा खासदार राहिलेल्या भावना गवळी या वेळी उमेदवारच नव्हत्या. कालपर्यंत एकाच शाखेत बसणारी, एकच वाहिनी पाहणारी माणसं दोन बाजूंना गेलेली. स्टॅनफर्डचा प्रयोग महाराष्ट्रात करायचा असता तर याहून चांगली जागा सापडली नसती: जात, गाव, बोली, जुना पक्ष, सगळं एक, आणि तरीही त्याच बातमीला एकजण ‘विकलेली’ म्हणतो तर दुसरा ‘घाबरलेली’. अशा वेळी वाहिनीने काहीच बदललेलं नसतं, पाहणाऱ्याची खुर्ची बदललेली असते.

वृत्तपत्रांच्या बाबतीत हा गोंधळ कमी होता, असं माझं निरीक्षण आहे. ‘सामना’ किंवा ‘तरुण भारत’ उघडणाऱ्याला आपण काय उघडतोय हे माहीत असतं. अकोल्याहून निघणारं ‘देशोन्नती’ शेतकऱ्याची बाजू घेणार, हे वऱ्हाडातला वाचक गृहीत धरून चालतो. तमिळनाडूत तर कलैग्नार टीव्ही कुणाची आणि जया टीव्ही कुणाची हे लहान पोरही सांगेल. मराठी वृत्तवाहिन्या 2007-08 च्या सुमारास एकामागून एक आल्या, झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत, साम, त्या तटस्थतेची पाटी लावून. त्यामुळे कल दिसला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. कल जाहीर असेल तर वाचणारा आपला आपण वजावट करून घेतो.

आणि कल म्हणजे खोटं बोलणं, असंही नसतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी 2020 च्या सप्टेंबरमध्ये नेहमी फॉक्स पाहणाऱ्या काही जणांना तासाला पंधरा डॉलर देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावलं. करोना आणि टपाली मतदान अशा काही बाबतींत त्यांच्या समजुती बदलल्या. मुख्य कारण असं आढळलं की दोन्ही वाहिन्या बऱ्याचदा एकाच विषयावर उलट बोलत नव्हत्या. एक जे दाखवत होती ते दुसरी दाखवतच नव्हती. आणि पैसे थांबले तशी ती मंडळी पुन्हा फॉक्सकडे गेली.

न दाखवण्याचा हा पक्षपात वाशिमला चांगला परिचयाचा आहे. त्याला डावं-उजवं काही नसतं. 2024-25 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि त्या दिवाळीत बाजारात दर त्याच्या बऱ्याच खाली होते. वाशिमची बाजार समिती सोयाबीनसाठी विदर्भभर ओळखली जाते. पोती घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग हीच इथली त्या दिवसांतली बातमी. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, पीएम-किसानचा अठरावा हप्ता इथूनच सोडला गेला. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे त्या दिवशी जिल्ह्यात होते. संग्रहालय दिसलं, नगारा दिसला, हप्त्याचा आकडा दिसला. सत्ताधाऱ्यांची म्हणवणारी वाहिनी आणि विरोधकांची म्हणवणारी वाहिनी यांची चर्चा रात्री वेगवेगळ्या सुरात झाली असेल. पुढच्या काही आठवड्यांत ओलाव्याचं प्रमाण जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून परत आलेलं सोयाबीन मात्र दोघींच्याही धावत्या पट्टीतलं एक वाक्य. विधानसभेच्या निवडणुकीत तोच मुद्दा विदर्भ-मराठवाड्यात सगळ्यांना बोलावा लागला, तेव्हा कुठे स्टुडिओत त्याच्यावर अर्धा तास मिळू लागला.

मीटर कुठे आहेत यावरून काय चालतं हे ठरतं, याचा एक धडा मनोरंजन वाहिन्यांनी आधीच घेतलेला आहे. 2015 च्या ऑक्टोबरात बार्कने ग्रामीण भागाची आकडेवारी द्यायला सुरुवात केली आणि दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर आल्या. 2019 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या आणि पाहता पाहता ‘दंगल’ नावाची फारशी कुणाला ठाऊक नसलेली वाहिनी देशात पहिली आली. पुढे त्या कंपन्या काही काळ परत छत्रीखाली आल्या. प्रेक्षक तोच होता, आधी तो मोजला जात नव्हता.

जुलै 2025 मध्ये मंत्रालयाने रेटिंगच्या नियमांत बदलांचा मसुदा काढला: बार्कशिवाय इतर संस्थांनाही यात येऊ द्यावं आणि इंटरनेटवरचं पाहणंही मोजलं जावं, असा त्याचा रोख होता. तोवर वाशिममधला प्रेक्षक बराच पुढे गेलेला होता. तालुक्या-तालुक्यात मोबाइलवर बातम्या करणारी पोरं आहेत. बाजार समितीच्या ओट्यावर उभं राहून आजचा सोयाबीन-तुरीचा दर सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ दुपारच्या आत गावागावांच्या व्हॉट्सॲप गटांत पोहोचतो. इथे नमुन्याची भानगड नाही. यूट्यूब प्रत्येक पाहणाऱ्याला मोजतं, लोक कितव्या सेकंदाला उठून गेले हे व्हिडिओ करणाऱ्या पोराला एक-दोन दिवसांत आलेखात दाखवतं. मीटरने कधी न विचारलेली गोष्टही, म्हणजे हा माणूस कुठल्या नेत्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकतो, ते यंत्र न विचारताच टिपून ठेवतं आणि पुढचा व्हिडिओ त्यावर बेतून समोर आणतं. एकाच घरात वडिलांच्या फोनवर एक शिवसेना आणि मुलाच्या फोनवर दुसरी, असं होतं ते त्यामुळे. दराचा व्हिडिओ तेवढा दोघांनाही येतो.